बासमतीच्या पानाचा हिरवा वास: घरी अत्तर जुळवायला शिकणाऱ्यांसाठी

आमच्या माहेरी, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अलीकडे, परड्यात न्हाणीचं पाणी जिथं मुरायचं तिथं एक झाड होतं. केवड्यासारखी लांब पात, पण बोटाला टोचणार नाही अशी. आम्ही त्याला बासमतीचं झाड म्हणायचो. घरात रेशनचा जाडा तांदूळ शिजत असला तरी आई आधणात एक पान गाठ मारून सोडायची, आणि दारातनं आत येणारा पाहुणा हमखास म्हणायचा, "काय वैनी, आज बासमती काय?" पान तोवर भातातनं काढून उकिरड्यावर गेलेलं असायचं. आई नुसती हसायची.

ह्यालाच काही ठिकाणी आंबेमोहोराचं पान म्हणतात. शास्त्रीय नाव पँडॅनस अमॅरिलिफोलियस. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाच्या स्वयंपाकात ते 'पँडन' म्हणून घरोघरी आहे, श्रीलंकेत 'रंपे' म्हणून कालवणात पडतं. अत्तरं करणारे लोक त्याचा वास 'हिरव्या' घराण्यात धरतात, म्हणजे चुरडलेलं पान, कापलेलं गवत, ओला देठ ह्यांच्या भावकीत. मात्र ह्या हिरव्याच्या पाठीमागे वाफाळता भात आहे, दूध आहे, थोडं ओलं खोबरं आहे. बेळगावच्या नाकाला हे सगळे वास जन्मापासून पाठ असतात. म्हणून नव्या माणसानं महागड्या बाटल्यांपासून सुरुवात न करता ह्या पानापासून करावी, असं माझं मत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती मला दोन वर्षांनी कळली. हे पान पिळून, उकळून, गाळून अत्तर होत नाही. गुलाबाचं किंवा वाळ्याचं जसं तेल निघतं तसं ह्याचं निघत नाही. पान टेबलावर ठेवायचं आणि त्याच्याशी ताडून बघत वास दुसऱ्या जिनसांतून बांधायचा. पान हे आपलं माप.

पहिलं काम: खरं रोप मिळवणे

हे झाड बियांनी वाढत नाही. त्याला फूल जवळजवळ येतच नाही, त्यामुळे जगभर ते बुंध्याशी फुटणाऱ्या पिलांवरच पसरलं आहे. म्हणजे तुम्हाला कुणाच्या तरी परड्यातनं पिलू आणावं लागणार. जांबोटी, कणकुंबीकडं किंवा गोव्याच्या बाजूला पाहुणे असतील तर आधी त्यांना विचारा. कोकणी घरात हे झाड असण्याची शक्यता जास्त. शहरातल्या रोपवाटिकेत विचारताना नावावर विसंबू नका. फोनवर फोटो दाखवा.

फसवणूक तीन प्रकारची होते. एक, केवडाच बासमती म्हणून विकला जातो. केवड्याच्या पातीच्या दोन्ही कडांना आणि मधल्या शिरेवर करकरीत काटे असतात आणि त्याच्या पानाला वास नसतो, वास फुलाला. दोन, पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शोभेचा 'स्क्रू पाइन' दिला जातो. तो दिसायला छान, वासाला शून्य. तीन, नुसतंच लांब पानाचं कुठलंही कुंडीतलं झाड. मी स्वतः एकदा शंभरावर रुपये मोजून केवड्याचं पिलू घेऊन आले आहे. विकणारा शपथेवर बासमती म्हणत होता आणि मी काटे बघूनही 'मोठं झाल्यावर जातील' म्हणून गप्प बसले. काटे जात नसतात.

परीक्षा अशी करा. पानाच्या टोकाकडचा चार बोटं तुकडा तोडा, उभा फाडा, मुठीत चुरगळा आणि पाच मिनिटं तसाच धरून ठेवा. लगेच वास घेतला तर नुसतं गवत वाटेल. पाच मिनिटांनी मूठ उघडल्यावर भात शिजल्याचा वास आला, तर रोप खरं.

केवड्याशी गल्लत झाली तर पुढची सगळी जुळणी चुकते, म्हणून एवढं सांगितलं. दोघं एकाच कुळातले, पण वासाचं रसायन वेगळं. ओडिशातल्या गंजामचा जो प्रसिद्ध केवडा आहे तो नर फुलातून काढतात, आणि त्याच्या तेलात मोठा वाटा फेनिलएथिल मिथाइल ईथर ह्या पदार्थाचा असतो. तो गोड, तीव्र, फुलासारखा. गणपतीत आपल्याकडं बाजारात येतो तोच वास. दुकानात मिळणारं केवड्याचं पाणी बासमतीच्या पानाऐवजी चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालणार नाही.

लावणी

ह्यावर फार बोलायला नको. झाड सोशिक आहे. अर्धी सावली, ओल, आणि मुळाशी पाणी साचून कुजणार नाही एवढी काळजी. खानापूरकडच्या लाल मातीत ते आपोआप मस्त होतं. अथणी, रायबागकडं काळी माती आणि कोरडा वारा, तिथं कुंडीतच लावा. मातीत वाळू आणि शेणखत मिसळा, आणि कुंडी आंब्याच्या किंवा शेवग्याच्या सावलीत ठेवा. खानापूरच्या कुंभारांकडची मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा बरी, मुळं श्वास घेतात. बेळगावची डिसेंबर-जानेवारीतली थंडी त्याला आवडत नाही. पानांची टोकं तपकिरी पडतात, पण झाड मरत नाही. पिलू लावल्यावर निदान सहा-आठ महिने पान तोडू नका. नंतर कायम खालची, बाहेरची पानं काढा, शेंडा शाबूत ठेवा.

नाक तयार करणे

इथं मात्र घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यायचा आहे, आणि ह्याला पैसे लागत नाहीत.

सात पानं गोळा करा: बासमती, गवती चहा, तुळस, कढीपत्ता, विड्याचं पान, हळदीचं पान आणि पाच. पाच म्हणजे गजऱ्यात मोगऱ्याच्या मधे घालतात ते पान. इंग्रजीत ज्याला 'पचौली' म्हणतात ते हेच, आणि जगभरच्या अत्तरांत त्याचं तेल असतं हे गणपत गल्लीतल्या गजरेवालीला सांगितलं तर ती हसते. हळदीचं पान नागपंचमीला पातोळ्यांसाठी आणतो तेच. चैत्रात असाल तर जोतिबाला वाहायचा दवणाही घ्या. तो कर्नाटकात शेतात लावतात आणि त्याचं तेल परदेशी जातं.

एकेक पान चुरडून वाटीत झाकून ठेवा. आता प्रत्येकाचा वास तीनदा घ्या. चुरडल्याबरोबर, दहा मिनिटांनी आणि दुसऱ्या दिवशी. वहीत लिहा. 'छान', 'मस्त', 'फ्रेश' हे शब्द बंद. 'ओल्या पाटीचा', 'कच्च्या शेंगेचा', 'पावसात भिजलेल्या गोणपाटाचा' असं लिहा. आपल्या भागातले शब्दच उपयोगी पडतात. निपाणीतला माणूस तंबाखूच्या वखारीच्या वासाला किती नावं देईल बघा, तशी नावं पाहिजेत.

हे करताना तुमच्या लक्षात येईल की कुठलंही पान चुरडलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात एक सामाईक हिरवा वास येतो, आणि नंतर ज्याचा त्याचा स्वतःचा वास वर येतो. तो सामाईक वास म्हणजे पानाची जखम. पेशी फुटल्या की पानातल्या स्निग्ध आम्लावर विकरं, म्हणजे एन्झाइम, तुटून पडतात आणि सहा कार्बनचे लहान रेणू हवेत सुटतात. त्यातला एक सिस-३-हेक्झेनॉल, ज्याला पानाचा अल्कोहोल असंच म्हणतात. गवत कापल्यावर येतो तो वास. अत्तराच्या धंद्यात वासाच्या छटेला 'नोट' म्हणतात, आणि 'हिरवी नोट' म्हणजे बऱ्याचदा हा पदार्थ, त्याचे भाऊबंद, किंवा इराणकडून येणारा गॅल्बनम नावाचा डिंक. १९४७ साली पॅरिसमध्ये जर्मेन सेलिए ह्या अत्तरकार बाईंनी बाल्मँ ह्या फॅशनच्या पेढीसाठी 'व्हाँ व्हेर' हे अत्तर बांधलं. त्यात गॅल्बनम इतका सढळ हातानं घातला होता की हिरव्या अत्तरांची गोष्ट तिथून सुरू झाल्यासारखी सांगतात. 'व्हाँ व्हेर' म्हणजे हिरवा वारा. रोपलावणीच्या दिवसांत जांबोटीच्या रस्त्यानं जाताना गाडीची काच खाली केली की येतो, तो.

आता बासमतीच्या पानाचा स्वतःचा वास. तो दोन-अ‍ॅसेटिल-एक-पायरोलिन ह्या पदार्थाचा. नाव लांब आहे, पुढं मी 'भाताचा रेणू' म्हणते. १९८०च्या सुरुवातीला अमेरिकेत रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी सुवासिक तांदळाच्या वासाचं मूळ म्हणून तो ओळखला, आणि ह्या पानातही तोच सापडला, सुवासिक तांदळापेक्षा साधारण दहापट. म्हणजे आईची युक्ती रसायनाच्या दृष्टीनं अगदी चोख होती. येळ्ळूर, वडगावच्या शिवारातला बासमती, मावळातला आंबेमोहोर, पॉपकॉर्न आणि भाजलेल्या पावाची साल, ह्या सगळ्यांत तो आहे. पाण्याच्या अब्ज भागांत एका भागाचा दहावा हिस्सा एवढासा असला तरी नाकाला कळतो.

मग तो सरळ विकत घेऊन अत्तरात का घालू नये? कारण तो टिकत नाही. शुद्ध स्वरूपात काढला तर काही वेळातच लालसर होऊन बिघडायला लागतो. त्यासाठीच पुढं जुळणीचा खटाटोप.

पानातून काय काय निघतं

आधी पान सुकवायचं, पण वाळवायचं नाही. ताज्या, न दुखावलेल्या पानाला वास कमी असतो, मलूल झाल्यावर वाढतो, आणि कडकडीत वाळलं की पुन्हा जातो. सकाळी पानं कापा, पुसून घ्या, सावलीत सुपावर एक दिवस पसरा. पावसाळ्यात दीड दिवस. हातात वाकवल्यावर मोडू नये, लवावं. मग कात्रीनं बारीक चिरा. मिक्सर नको. गरम होतं आणि पालेभाजीचा वास येतो.

त्यानंतर तीन वाटा आहेत.

पाण्याचा अर्क सगळ्यात सोपा. मोठ्या पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी, तिच्यावर दुसरी सुलटी वाटी. भोवती पाव किलो चिरलेलं पान आणि ते बुडेल एवढं पाणी. वर झाकण उलटं, म्हणजे मधला फुगवटा आत, आणि झाकणावर बर्फ. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. वाफ वर जाऊन झाकणाला लागते, थंड होऊन मधल्या वाटीत ठिबकते. कनौजचे अत्तरवाले ज्या देग-भपक्यात, म्हणजे तांब्याच्या हंड्यात, अत्तर गाळतात त्याचं हे स्वयंपाकघरातलं धाकटं भावंड समजा. एका वेळेला पेलाभर अर्क निघतो. उकळून गेल्यावर पाणी घालत बसू नका. पहिल्या अर्ध्या तासातलंच चांगलं, नंतरच्याला उकडलेल्या पाल्याचा वास मारतो. हा अर्क फ्रीजमध्ये पंधरा दिवस राहतो. उशीच्या अभ्र्यावर शिंपडा, खिरीत घाला, पण अत्तरात घालू नका. अल्कोहोलमध्ये तेलं विरघळलेली असताना वरून पाणी पडलं की सगळं दुधासारखं गढूळ होतं.

अल्कोहोलमधला अर्क ही दुसरी वाट. ह्यासाठी अत्तराच्या कामाचं एथेनॉल लागतं, आणि त्याच्यावर अबकारी खात्याचं नियंत्रण असल्यामुळे किरकोळ मिळवणं कटकटीचं आहे. अत्तराचा कच्चा माल विकणारे लोक 'परफ्यूमर्स अल्कोहोल' नावानं, पिता येणार नाही असं करून विकतात, ते घ्या. रंगाच्या दुकानातलं स्पिरिट नको, त्यात मिथेनॉल असतं. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, चिकट होतं. आणि आपल्या भागात प्रत्येकाचा एक मामा असतोच, जो म्हणतो, "चोर्ला घाटानं गोव्याला जाऊन फेणी घेऊन ये की!" फेणीला स्वतःचाच एवढा वास आहे की तुमचं पान त्यात बुडून मरेल, आणि परवान्याशिवाय ती हद्दीच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे. मामाला चहा द्या.

काचेच्या बरणीत चिरलेलं पान एक भाग आणि अल्कोहोल पाच भाग, वजनानं. अंधारात ठेवा. दोन दिवसांनी गाळा, त्याच अल्कोहोलमध्ये नवीन पान घाला, पुन्हा दोन दिवस. असं तीनदा. माझी पहिली बरणी मी सज्जात उन्हात ठेवली होती, लोणचं मुरवतात तशी. आठवड्यात पाचूसारखा हिरवा रंग चहासारखा तपकिरी झाला आणि वास जुन्या पेंढ्याचा. हरितद्रव्य उजेडात टिकत नाही, आणि भाताचा रेणूही मुळात नाजूक. नीट केलेला अर्कसुद्धा दोन-तीन महिन्यांत उतरतो, आणि कपड्यावर हिरवा डाग पाडतो. तो अंगाला लावायचा नाही. तो आपला नमुना. पान हाताशी नसेल त्या दिवशी ताडून बघायला.

तिसरी वाट तेलाची. खोबरेल तेल पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा, बोट बुडवलं तर चटका बसेल न बसेल एवढंच. त्यात मलूल पान तासभर ठेवून गाळा. पानातला पाण्याचा अंश तेलात राहिला की तेल खवट होतं, म्हणून गाळल्यावर रात्रभर स्थिर ठेवून वरचं तेवढं ओतून घ्या. केसाला लावायला हे सुरेख आहे. अत्तर म्हणून मात्र वास फिका, आणि थंडीत आपल्याकडं खोबरेल गोठतंच.

जुळणी

इथून पुढं खरं अत्तराचं काम. हत्यारं थोडी आहेत. सराफाकडं असतो तसा ०.०१ ग्रॅम मोजणारा छोटा काटा, दहा मिलीच्या काचेच्या बाटल्या, ड्रॉपर, आणि वासाच्या पट्ट्या. पट्ट्या विकत घ्यायची गरज नाही. घरात साठलेल्या जाड, न चकाकणाऱ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या अर्धा सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. आधी नुसत्या कागदाचा वास घेऊन बघा. काही पत्रिकांना छापखानाच अत्तर लावतो.

थेंबानं मोजू नका. एका पदार्थाचा थेंब दुसऱ्यापेक्षा जड असतो, आणि उद्या तेच पुन्हा करता येत नाही. सगळं वजनानं.

कच्चा माल ऑनलाइन दहा-दहा ग्रॅमच्या बाटल्यांत मिळतो. विकणाऱ्याकडं प्रत्येक पदार्थाची सुरक्षा माहितीपत्रिका मागा, देत नसेल तर दुसरीकडून घ्या. 'पँडन इसेन्स' म्हणून केकवाले जे वापरतात ते घेऊ नका, त्यात खायचा हिरवा रंग असतो.

आधी सौम्य द्रावणं करून ठेवायची. एक ग्रॅम पदार्थ आणि नऊ ग्रॅम अल्कोहोल म्हणजे १० टक्के. त्यातला एक ग्रॅम आणि पुन्हा नऊ ग्रॅम म्हणजे १ टक्का. पुन्हा तसंच म्हणजे ०.१ टक्का. बाटलीवर नाव, टक्केवारी, तारीख. हे आळसानं राहिलं की महिन्याभरात तुमच्याकडं सहा सारख्या दिसणाऱ्या बाटल्या आणि एक डोकेदुखी असते.

माझी सुरुवातीची जुळणी अशी, शंभर भागांत (टक्के लिहिलेत तिथं त्या टक्क्याचं द्रावण, बाकीचे पदार्थ तसेच):

हेडिओन ३० भाग. मोगऱ्याच्या आसपासची हवा, पण हलकी. बाकीच्यांना अंतर देते.
आयसो ई सुपर २० भाग. गुळगुळीत लाकूड, मागे राहणारं.
गॅमा-नोनालॅक्टोन, १० टक्के, ८ भाग. ओलं खोबरं.
सिस-३-हेक्झेनॉल, १० टक्के, ६ भाग. चुरडलेलं पान.
व्हॅनिलीन, १० टक्के, ६ भाग.
कूमारिन, १० टक्के, ६ भाग. नव्या पेंढ्याचा वास.
वाळ्याचं तेल, १० टक्के, ६ भाग. ओली माती, मुळं.
दोन-अ‍ॅसेटिलपायरॅझिन, ०.१ टक्का, ४ भाग. हा आपला भात.
उरलेले १४ भाग डायप्रोपिलीन ग्लायकॉल, म्हणजे वास नसलेला पातळ करणारा पदार्थ.

दहा ग्रॅमची जुळणी करायची असेल तर एक भाग म्हणजे ०.१ ग्रॅम. काट्यावर सहज बसतं.

शेवटून दुसऱ्या ओळीबद्दल थोडं. अ‍ॅसेटिलपायरॅझिन हा भाताच्या रेणूचा लांबचा पण टिकाऊ नातेवाईक. भाजक्या धान्याचा, पॉपकॉर्नचा वास. अत्तरकार त्याच्यावर भागवतात. पण तो कसा वागतो म्हणाल तर हिंगासारखा. पावणेदोन पट झाला तर सगळं घर फुटाण्याची भट्टी वाटायला लागतं. म्हणून ०.१ टक्क्याचंच द्रावण वापरा आणि चार भागांपेक्षा पुढं जाताना अर्ध्या-अर्ध्या भागानं जा. शुद्ध बाटली घरात उघडूच नका, गच्चीवर जाऊन उघडा. माझ्या कपाटातल्या एका शालीला अजून वास येतो.

आता पट्टीवर एक टोक बुडवा, शेजारी चुरडलेलं पान ठेवा, आणि आलटून पालटून वास घ्या. बहुतेकांची पहिली जुळणी जास्त गोड होते. खीर वाटते, पान वाटत नाही. तेव्हा व्हॅनिलीन अर्ध्यावर आणा, हेक्झेनॉल एक भाग वाढवा. उलट नुसतं कापलेलं गवत वाटलं तर हेक्झेनॉल कमी करण्याआधी खोबऱ्याचा भाग दोननं वाढवून बघा. हिरवेपणा कमी न करता त्याला गोलाई येते. धारवाडी पेढ्याचा, बेळगावी कुंद्याचा वास आठवा. दूध आटून, भाजून जी तांबूस गोडी येते, तिच्या अगदी थोड्या अंशानं ही जुळणी 'शिजते'. तो अंश कमी पडला तर भात कच्चा वाटतो. आणि एका वेळी एकच बदल. दोन बदल केले की कशानं काय झालं ते कळत नाही.

गवती चहाचं तेल घालायचा मोह सगळ्यांना होतो. ताजेपणा येतो, खरं आहे. पण त्यातला सिट्रल एवढा पुढं पुढं करतो की पाच मिनिटं नुसता पावसाळी चहा, आणि नंतर पान सापडतच नाही. घालायचंच असेल तर १ टक्क्याचं द्रावण, दोन भाग. पाचीचं तेल मात्र ह्याला चांगलं धरून राहतं, वाळ्याऐवजी निम्मं करून बघा. निपाणीकडच्या कुणी तंबाखूच्या वासाची छटा घातली तर कूमारिनशी तिचं छान जमतं. हा माझा अनुभव, नियम नव्हे.

नाक थकलं की काही कळत नाही. कॉफीच्या बिया हुंगायची पद्धत आहे, पण स्वतःच्या बाहीचा, कातडीचा वास घेतला तरी तेवढंच काम होतं. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. जेवण झाल्यावर लगेच बसू नका, विशेषतः मटणाच्या दिवशी.

अंगाला लावण्याआधी

जुळणी जमली असं वाटलं की एक भाग जुळणी आणि नऊ भाग अल्कोहोल करून गडद काचेच्या बाटलीत भरा आणि तीन-चार आठवडे कपाटात विसरून जा. ताज्या मिश्रणाला अल्कोहोलची धार असते, ती बसते. व्हॅनिलीनमुळे रंग हळूहळू पिवळसर होतो, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण पांढऱ्या सदऱ्यावर मारू नका.

कोपराच्या आतल्या बाजूला एक ठिपका लावून चोवीस तास थांबा. खाज, लाली, काही आलं तर धुऊन टाका आणि वहीत लिहा. लिंबाचं, संत्र्याचं सालीचं तेल घातलं असेल तर लावून उन्हात जाऊ नका. काही सालींच्या तेलानं उन्हात कातडी भाजते आणि काळे डाग राहतात. कुठला पदार्थ कातडीवर किती चालतो ह्याच्या मर्यादा आयएफआरए ही आंतरराष्ट्रीय संस्था प्रसिद्ध करते. पदार्थ विकत घेताना त्याची मर्यादा बघून बाटलीवरच लिहून ठेवा. लहान मुलांना, गरोदर बाईला प्रयोगाचं अत्तर लावू नका. आणि अल्कोहोल पेट घेतं, तेव्हा हे सगळं देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब.

शेजारणीनं मागितलं म्हणून एक बाटली दिली तर गोष्ट वेगळी, पण पैसे घेऊन विकायचं तर अत्तर हे सौंदर्यप्रसाधन धरलं जातं आणि २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. त्याआधी नीट शिकायचं असेल तर कनौजला १९९१ साली सुरू झालेलं सुगंध आणि स्वाद विकास केंद्र आहे, तिथं लहान मुदतीचे अभ्यासक्रम चालतात. वनस्पतींच्या तेलांचं काम करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेचं संशोधन केंद्र बंगळूरला आहे, आपल्याला एका रात्रीच्या गाडीवर.

मुरवलेली बाटली उघडायचा दिवस शक्यतो पावसाळ्यातला ठेवा. दमट हवेत वास रेंगाळतो आणि झाडावर पानंही भरपूर असतात, शेजारी ताजं पान ठेवून ताडता येतं. मी गेल्या खेपेला माझी बाटली आईच्या हातावर मारली. तिनं मनगट नाकाशी नेलं, जरा वेळ गप्प राहिली, आणि म्हणाली, "पान जरा लवकर काढलंस." बरोबर होतं तिचं. भात कमी पडला होता. दोन-अ‍ॅसेटिलपायरॅझिन साडेचार भागांवर नेलं आहे, बाटली आता कपाटात आहे.